सोन्यातले कासव, चांदीतले शेकरू

कोल्हापुरी साज हातात घेऊन नीट निरखला, तर त्यात एक लहानसे प्राणिसंग्रहालयच वसलेले दिसते. मासा आहे, कासव आहे, नाग आहे, वाघाचे नख आहे. आणि या मातब्बर मंडळींच्या पंगतीत, सहसा कोणाच्या ध्यानी न येणारा एक भुंगाही आहे. साजातील या पदकांना 'पाने' म्हणतात. दोन पानांच्या मधून सोन्याचे पोकळ मणी ओवलेले असतात. पानांची संख्या सामान्यतः एकवीस सांगितली जाते. त्यांपैकी दहा विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक व पाचू यांची आणि उरलेले एक ताइताचे, अशी ही गणना आहे. प्रत्यक्षात मात्र पेढीपेढीगणिक यादी बदलते. चंद्र, शंख, कमळ, बेलपान, कारले ही पाने बहुतेक साजांत भेटतात. मासा आणि कासव हे मत्स्य व कूर्म अवतारांच्या मानाने आले, हे उघड आहे. भुंगा अवतारांत नाही. कमळाच्या मागोमाग तो आला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. पण कारण कोणतेही असो, एका क्षुद्र कीटकाला सोन्यात घडवून गळ्यात मिरविण्याची रसिकता येथल्या कारागिरांच्या आणि लेकीसुनांच्या ठायी होती, एवढे त्यावरून खचित दिसते.

साजच नव्हे, तर महाराष्ट्रातील इतर अलंकारांतही प्राण्यांचा वावर आहे. पायाच्या बोटांतील मासोळ्यांना माशाचे नाव आणि रूप दोन्ही मिळालेले आहे. दंडावरील वाकी सर्पासारखी वळसे घेते. वेणीत खोचावयाचा नाग, कर्णभूषणांवरील मोर, दोन टोकांना मकरमुखे असलेली कडी ही सर्व याच कुळातील होत. हाताने घडविलेल्या दागिन्यांना आज नवा ग्राहकवर्ग लाभत आहे, आणि या ग्राहकाला, विशेषतः तरुण मुलींना, फुलापानांच्या नेहमीच्या नक्षीपेक्षा काही निराळे हवे असते. अशा वेळी प्राणिरूपांची ही जुनी वाट नव्याने चालून पाहण्याजोगी आहे. मात्र ती चालण्यापूर्वी जुन्या कारागिराने कासव आणि भुंगा हेच प्राणी का निवडले, हे समजून घेतले पाहिजे. त्याचे उत्तर केवळ धर्मकथांत मिळत नाही; ते ठशात मिळते.

ठशाचे व्याकरण

साजाचे पान भरीव नसते. सोन्याचा अतिशय पातळ पत्रा ठशावर ठेवून त्याला आकार दिला जातो. ठसा म्हणजे काशाच्या किंवा तत्सम कठीण धातूच्या ठोकळ्यात उलटा कोरलेला आकार. जे पानावर उंच दिसावयाचे, ते ठशात खोल कोरावे लागते. पत्रा ठशावर ठेवून त्यावर शिशाचा तुकडा ठेवतात आणि हातोडीने ठोकतात. शिसे मऊ असल्यामुळे ते पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यांत दाबून बसविते, आणि पत्रा मात्र फाटत नाही. मग कडा कातरून, पाठीमागचा पत्रा झाळून, आतील पोकळीत लाख भरली जाते. लाखेमुळे पातळ पत्र्याला आधार मिळतो, तो चेपत नाही, आणि थोड्या सोन्यात भरदार दागिना होतो.

या रीतीला एक अट आहे. ठोकलेला पत्रा ठशातून अलगद निघाला पाहिजे. आकारात कोठे आतल्या बाजूला वळलेली खाच असेल, एखादा पाय पोटाखाली दुमडलेला असेल, तर पत्रा तेथे अडकतो. म्हणजे ठशाला असा प्राणी हवा, की जो वरून पाहिला असता सपाट पसरलेला आणि मध्ये फुगीर आहे. कासव असे आहे. भुंगा असा आहे. मासा कुशीवर ठेवला, म्हणजे तोही असाच. उलट घोडा किंवा हरिण यांचे चार लांब पाय ठशाला जड जातात. पत्रा तेथे विरतो आणि पुढे वापरात ते पायच आधी वाकतात. साजात हरिण का नाही, याचे निदान अर्धे उत्तर येथे आहे. कासवाची तर गोष्टच वेगळी. निसर्गाने त्याची घडणच पानासारखी केली आहे: वर कठीण कवच, आत मऊ जीव, पानात वर सोने, आत लाख.

आणि ही लाख तरी काय आहे? पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा एक इवलासा किडा आपल्या संरक्षणासाठी जो राळेसारखा स्राव सोडतो, तीच लाख. विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलपट्ट्यात तिचे उत्पादन होते. म्हणजे सोन्याच्या भुंग्याच्या पोटात दुसऱ्या एका किड्याचे देणे असते. साज ल्यालेल्या किती जणींना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

अंग की रूप?

प्राणी अलंकारात येण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट प्राण्याचे रूप घेण्याची आणि दुसरी त्याचे अंगच घेण्याची. दुसरी वाटही फार जुनी आहे, आणि तिचा हिशेब प्राण्यांना महागात पडला आहे.

वाघनखाचेच उदाहरण घ्यावे. लहान मुलाला दृष्ट लागू नये, त्याने वाघासारखे धीट व्हावे, या भावनेने त्याच्या गळ्यात वाघनख घालण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर होती. साजातील वाघनखाचे पान सोन्याचे असले, तरी बाळलेण्यांत अनेकदा खरे नख सोन्यात मढविलेले असे. एकोणिसाव्या शतकात तर भारतात राहणाऱ्या इंग्रज मंडळींसाठी वाघाच्या नखांचे हार, ब्रोच आणि कर्णभूषणे घडविण्याचा धंदाच चालत असे. नखे काढावयाची, तर वाघ मारावा लागतो, हे त्या काळी कोणाला खटकत नव्हते.

इतर देशांतही हेच घडले. चीनमध्ये खंड्या पक्ष्याची निळी पिसे कापून मुलामा दिलेल्या चांदीवर चिकटवीत आणि त्यांपासून शिरोभूषणे करीत. तो निळा रंग कोणत्याही मिन्यात उतरत नसे, म्हणून पक्षी मारले जात. मुगल काळापासून आपल्याकडे सोनकिड्यांच्या हिरव्या पंखकवचांचे तुकडे भरजरी वस्त्रांवर टाकत. १९२० नंतरच्या काळात इंग्लंडमध्ये दक्षिण अमेरिकेतील मॉर्फो फुलपाखरांचे निळे पंख काचेखाली बसवून त्यांची पदके विकली जात. हस्तिदंताच्या बांगड्या, समुद्री कासवाच्या पाठीच्या ढालीच्या फण्या, हत्तीच्या शेपटीच्या केसाच्या अंगठ्या; ही यादी वाढविता येईल, पण तिचे स्वरूप तेच आहे.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने भारतात ही वाट बंद केली. वाघ, हत्ती, खवले मांजर यांसारखे प्राणी या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची नखे, दात, केस, खवले किंवा त्यांपासून केलेल्या वस्तू यांचा व्यापार करणे हा गुन्हा असून, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत ३ ते ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदीचा निर्णय झाला. मोराच्या आपोआप गळून पडलेल्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत सवलत आहे. ती निर्यात मात्र करता येत नाहीत. कारागिराने येथे एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. जुना दागिना मोडून किंवा उजळून देण्यासाठी गिऱ्हाईक घेऊन येते, आणि त्यात आजोबांच्या वेळचे खरे नख मढविलेले असते. अशी वस्तू दुरुस्तीस घेण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी वनविभागाकडे विचारणा करावी. 'जुने आहे' हे उत्तर पुरेसे ठरत नाही. तिच्या मालकीचा कायदेशीर दाखला असावा लागतो.

रूपाची वाट मात्र सर्वांसाठी मोकळी आहे, आणि ती अधिक कसाचीही आहे. खरे नख मढविण्यास कोंदण पुरते. सोन्यात नख घडविण्यास ते पाहावे लागते: त्याचा बाक, मुळाशी असलेली जाडी, टोकाकडे येणारी धार. ज्याने साजातले वाघनखाचे पान पहिल्यांदा कोरले, त्याने हे पाहिले होते.

क्षुद्र जिवांचे मोठेपण

जगातील श्रेष्ठ प्राणिरूप अलंकारांची नावे घ्यावयाची झाली, तर त्यांत सिंह आणि गरुड यांच्या बरोबरीने किडेकीटकही निघतात, ही मौजेची गोष्ट आहे. प्राचीन इजिप्तमधील शेणकिडा सर्वश्रुत आहे. शेणाची गोळी ढकलीत नेणारा हा किडा पाहून त्या लोकांना आकाशात सूर्याचा गोल ढकलीत नेणाऱ्या देवाची आठवण झाली, आणि त्यांनी तो अंगठ्यांत, पदकांत, ताइतांत घडविला. ग्रीसमधील क्रीट बेटावर मालिया येथे सापडलेले, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे एक सोन्याचे पदक तेथील हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. दोन मधमाश्या समोरासमोर वाकून मधाचा एक थेंब पोळ्यात ठेवीत आहेत, एवढेच त्यात दाखविले आहे. दोघींची शरीरे वळून एक वर्तुळ पुरे करतात, आणि त्यामुळे पदकाला वेगळी चौकट लागत नाही. फ्रान्समधील रने लालिक (१८६०–१९४५) या कलावंताने १८९७–९८ च्या सुमारास चतुराचे शरीर आणि स्त्रीचा देह यांचा संयोग करून एक वक्षोभूषण घडविले. ते आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. लालिकने सोन्याबरोबर मिना, काच, शिंग असे त्या काळी हलके मानले जाणारे पदार्थही आनंदाने वापरले. दागिन्याची किंमत त्यातील रत्नांनी नव्हे, तर त्यामागील कल्पनेने ठरावी, असा त्याचा आग्रह त्याच्या कामातून दिसतो.

या उदाहरणांचा अर्थ तेथली नक्षी उचलावी, असा नाही. शेणकिडा इजिप्तच्या उन्हात शोभतो. महाराष्ट्राच्या रानात आणि किनाऱ्यावर ज्यांना अजून कोणी सोन्यारुप्यात घडविलेले नाही, असे जीव पुष्कळ आहेत.

त्यांतला पहिला मान शेकरूचा. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्या रक्षणासाठी भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. पाठीचा रंग तांबूस तपकिरी, पोट फिकट पिवळसर, आणि शेपटी धडापेक्षाही लांब व झुपकेदार. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे ६ मीटरची झेप घेतो. खाताना तो पुष्कळदा मागील पायांनी फांदी धरून पुढे झुकतो, आणि पलीकडे लोंबणारी शेपटी त्याचा तोल सांभाळते. घडणकाराने हा क्षण टिपावा. पदकाची सर्वांत मोठी अडचण तोलाचीच असते. कडी चुकीच्या जागी लागली, की पदक गळ्यात पालथे पडते किंवा एका कुशीवर कलते. शेकरूच्या रूपात निसर्गानेच तोल साधून ठेवलेला आहे. फांदी जेथे पकडली आहे तेथे कडी घेतली, एका बाजूला देह आणि दुसऱ्या बाजूला शेपटी सोडली, म्हणजे पदक सरळ लोंबते. शेपटीला अंगठीचा वळसा देऊन बोटाभोवतीही गुंडाळता येते.

दुसरा प्राणी खवले मांजर. नावात मांजर असले, तरी मांजरकुळाशी त्याचा काही संबंध नाही. तोंडात दात नाहीत. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपून खाणारा हा निशाचर प्राणी कोकणात व सह्याद्रीच्या रानात आढळतो. अंगावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. भय वाटले, की तो शरीराचे वेटोळे करून चेंडूसारखा होतो, आणि मग बिबट्यालाही त्याला उलगडणे जड जाते. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, आणि ते आईच्या शेपटीच्या मुळाशी बसून प्रवास करते. दुर्दैवाने वाघापुढे जी युक्ती चालते, ती माणसापुढे चालत नाही. गोळा झालेले खवले मांजर उचलून पोत्यात टाकणे फार सोपे असते. औषधी गुणांच्या समजुतीने आणि अंगठ्या-ताइतांसाठी त्याच्या खवल्यांचा चोरटा व्यापार चालतो. वस्तुतः हे खवले आपल्या नखांच्या व केसांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या सर्व जातींच्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. ज्याच्या खवल्याची अंगठी करणे गुन्हा आहे, त्याच्या वेटोळ्याची अंगठी चांदीत करणे ही त्याची सुरेख परतफेड ठरेल.

या प्राण्याला ठसा मात्र चालावयाचा नाही. वेटोळ्यात आतल्या बाजूला वळणारे भाग फार. त्यासाठी मेणाच्या साच्याची ओतकामाची रीत हवी. मेणाचा हुबेहूब नमुना करावयाचा, त्यावर मातीचे किंवा प्लॅस्टरचे लिंपण द्यावयाचे, ते तापविले की मेण वितळून वाहून जाते आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. साचा फोडला, की वस्तू हाती येते. बस्तरचे घडवा कारागीर पितळेची कामे याच रीतीने करतात. त्यांची खुबी अशी, की ते मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे शेजारी शेजारी गुंडाळून पृष्ठभाग उभा करतात. खवल्यांची ओळ दाखविण्यास यापेक्षा सोयीची रीत शोधूनही सापडणार नाही.

मेणावरून धातूचे वजन आधीच काढता येते, ही गोष्ट नवशिक्या घडणकाराने ध्यानात ठेवावी. १ ग्रॅम मेणाच्या नमुन्याला चांदी सुमारे साडेदहा ग्रॅम लागते. २२ कॅरेट सोने १७ ते १८ ग्रॅम. मेण हातात हलके लागते म्हणून नमुना जाड केला, तर गिऱ्हाइकाला किंमत सांगताना पंचाईत होते. कर्णभूषणाच्या बाबतीत तर वजन हाच पहिला विचार. कानाची पाळी ओघळू लागली, की दागिना पेटीत जातो.

तिसरे रूप नीलवंत फुलपाखराचे. २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. काळेभोर पंख आणि त्यांवर निळ्या छटेचे पट्टे व ठिपके, असे हे मोठे देखणे फुलपाखरू आहे. येथे काम मिन्याचे. चांदीवर खोलगट घरे कोरून त्यांत काचेच्या रंगीत चुऱ्याचा थर भरतात आणि भट्टीत भाजतात. निळा रंग कोबाल्टच्या संयुगाने येतो. दोन निळ्या छटा शेजारी ठेवण्यापेक्षा काळ्यात एकच निळी छटा ठेवली, तर फुलपाखरू अधिक खुलते. रंगांचा सोस हा मिनाकाराचा नेहमीचा मोह आहे.

कागदावरून धातूकडे

घडणीचा आरंभ कागदावर होतो आणि कागदावरच बहुतेक चुका होतात. प्राणी प्रथम पाहून काढावा; चित्र पाहून चित्र काढू नये. रानात जाणे न जमल्यास निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली छायाचित्रे जवळ असावीत. मग त्या प्राण्याची अशी दोन किंवा तीन लक्षणे निवडावीत, की जी काढून टाकली असता तो ओळखूच येणार नाही. शेकरूची शेपटी आणि कानाची टोके. खवले मांजराचे खवले आणि लांबट मुस्कट. कासवाची पाठ आणि पुढे आलेली मान. बाकीचे सर्व सोडून द्यावे. २५ मिलिमीटरच्या पदकात मिशीचा केस दाखविण्याचा हट्ट करणारा घडणकार शेवटी मिशीच दाखवितो. प्राणी दिसत नाही.

परीक्षा सोपी आहे. चित्र प्रत्यक्ष आकाराइतके काढावे, आतील रेषा पुसून ते सगळे काळ्या शाईने भरावे आणि हाताच्या अंतरावर धरावे. नुसत्या सावलीवरून घरातल्या मुलाने प्राणी ओळखला, तर रचना साधली.

गोंडसपणाबद्दल येथे थोडे सांगितले पाहिजे. मोठे डोके, मोठे डोळे, फुगीर गाल आणि आखूड हातपाय असलेले रूप पाहिले, की माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते, असे कोनराड लोरेंझ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडले. खेळण्यांचे आणि व्यंगचित्रांचे कारखाने या सूत्रावर चालतात. त्यामुळे घडणकारालाही वाटते, की डोळे मोठे केले, म्हणजे प्राणी लाडका झाला. परंतु अशाने सर्वच प्राणी एकाच बाहुलीची भावंडे दिसू लागतात. खवले मांजराचे डोळे बारीक, तोंड निमुळते. लोरेंझच्या कसोटीला ते बिचारे उतरत नाही. तरीही आईच्या शेपटीवर बसलेले त्याचे पिल्लू पाहून ज्याला लोभ वाटणार नाही, असा माणूस विरळा. लोभसपणा त्याच्या बसण्यात आहे, डोळ्यांत नाही. साजातले कासव डोळे दाखवीतही नाही. मान पुढे काढून ते नुसते चाललेले असते.

कागदावर रचना बसल्यावर ती अंगावर कशी बसेल, हे पाहावयाचे. उभे कान, नख्या, काटे यांची टोके साडीत आणि केसांत अडकतात. ती वळवून देहाला टेकवावीत. पाठीमागची बाजू गुळगुळीत असावी. तांब्याचा रंग शेकरूच्या पाठीला शोभतो. पण घामाने तांबे हिरवट पडते, त्यामुळे ते उघडे ठेवू नये. स्वस्त मिश्रधातूंत निकेल असल्यास काहींच्या त्वचेला खाज सुटते, याचाही विचार व्हावा. एका बाबतीत मात्र हयगय नको. सोन्याच्या झाळकामात कॅडमियम वापरले, की झाळ लवकर धावते, म्हणून ती कारागिरांत प्रिय झाली. बाजारात 'के. डी. एम.' या नावाने ती ओळखली जाते. पण झाळताना कॅडमियमची जी वाफ निघते, ती फुंकणीशी तोंड लावून बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते. जस्ताची किंवा अन्य कॅडमियमविरहित झाळ मिळते. ती थोडी हट्टी असली, तरी हाताला सवय होते.

धातूच्या निवडीत सोन्यावाचून अडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तार ओढणे, कड्या जोडणे, घुंगरू भरणे, उजाळा देणे अशी कामे तेथे घरोघर वाटून होतात, आणि अशा घरांत स्त्रियांचा हात मोठा असतो. नव्या रूपाची पहिली चाचणी चांदीत घेतली, तर भांडवल अडकून पडत नाही. सोन्याच्या दागिन्यांना मात्र जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. पोकळ, लाखभरल्या पानात लाखेचे वजन सोन्याच्या भावाने धरले जाऊ नये, म्हणून पावतीवर दोन्ही वजने वेगवेगळी लिहिणे कारागिराच्याही हिताचे आहे.

रचनेची मालकी

हाताने घडविणाऱ्या कारागिराचे खरे दुखणे निराळेच आहे. त्याने महिनाभर खपून एक रूप सिद्ध करावे, आणि पुढच्या जत्रेत त्याचेच यंत्रावर ठोकलेले नमुने दहाव्या हिश्शाच्या किमतीत विकावयास यावेत, हा अनुभव नवा नाही. डिझाइन्स अधिनियम, २००० अन्वये नव्या रचनेची नोंदणी करता येते. तिने प्रथम १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. यातील महत्त्वाची अट अशी, की रचना नवीन असली पाहिजे आणि अर्ज करण्यापूर्वी ती प्रसिद्ध झालेली नसावी. दागिना आधी दुकानाच्या काचेत मांडला आणि मग नोंदणीची आठवण झाली, तर उपयोग होत नाही. साजातले परंपरेचे कासव कोणालाही स्वतःच्या नावावर करता येणार नाही. ते सर्वांचे आहे. फांदी धरून तोल सांभाळणारे शेकरू ज्याने प्रथम रेखाटले, त्याला ते करता येईल.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश आहे, त्यांत सोनारकामही आहे. नोंदणीकृत कारागिरास प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज सवलतीच्या व्याजदराने देण्याची तरतूद तीत आहे. नवा ठसा कोरून घेणे, मेणकामाची साधने घेणे किंवा मिन्याची लहान भट्टी उभारणे, अशा कामांसाठी ही रक्कम बेताची असली, तरी आरंभाला उपयोगी पडणारी आहे.

साज काही वर्षे वापरला, की मणी सैल होतात आणि तो पुन्हा गाठवून घ्यावा लागतो. तेव्हा पाने सुटी करून पाटावर मांडली जातात: चंद्र, कारले, मासा, कासव, भुंगा. चेपलेले एखादे पान बदलतात, हरवलेल्याच्या जागी दुसरे येते, आणि घरच्या बाईच्या हौसेप्रमाणे क्रमही थोडा इकडेतिकडे होतो. शेकरूचे किंवा वेटोळे घातलेल्या खवले मांजराचे पहिले पान ओवून घ्यावयाचे, तर ते याच वेळी. कासवाच्या शेजारी त्याला जागा होईल.